माझी म्हातारी नऊ तारखेची

माझी जीभ मला नडली, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे पुढे कुणी म्हणायला नको की झाम्फिरा स्वतःची बाजू सावरून बोलते.

फेब्रुवारीचा शेवटचा दिवस होता. त्या दिवशी आमच्या मोलिदेनी गावातल्या सगळ्या बायका माझ्या बेकरीत येतात. पाव घ्यायला नव्हे, पाव काय नवऱ्यालाही आणता येतो. त्या येतात म्हातारी निवडायला. मार्चचे पहिले नऊ दिवस म्हाताऱ्यांचे. दोकिया म्हातारी नऊ कातडी कोट अंगावर चढवून शेळ्यांमागे डोंगर चढते, रोज एक कोट काढून फेकते, आणि ती जशी फणकारेल तशी त्या दिवशीची हवा. प्रत्येक बाईनं आपला दिवस आधीच निवडायचा, तीच तिची म्हातारी. ऊन पडलं तर तिचं वर्ष उन्हाचं. गारा पडल्या तर वर्षभर तिच्या वाटेला जायचं नाही, असं अख्खं गाव धरून चालतं. माझ्या भट्टीशेजारच्या भिंतीला मी एक कागद लावते, त्यावर एक ते नऊ आकडे, पुढे नावं. एकदा लिहिलेलं नाव खोडायचं नाही.

यात जुगाराची मजा आहे, कारण आमच्या गावची हवा कुणाच्या बापाला कळलेली नाही. गाव दोन खिंडींच्या तोंडाशी. एकीतून उत्तरेचा वारा येतो, दुसरीतून दक्षिणेचा, आणि दोघांची भांडणं आमच्या चौकात. इथे छत्री घेऊन निघणारा वेडा आणि न घेता निघणारा त्याहून वेडा.

तर बायका कागदापुढे दाटीवाटीनं उभ्या होत्या. पोस्टातली लिओन्तिना सर्वांत पुढे. तिचा आवाज असा की पत्र द्यायला दारापर्यंत जावं लागत नाही. तिनं एक तारीख घेतली. ग्लिचेरियानं, म्हणजे आमच्या पाद्रींच्या बायकोनं, दोन घेतली. तेवढ्यात दाराची घंटी वाजली आणि इलारियोन आत आला.

इलारियोन माझा समोरचा शेजारी. रेल्वेत सिग्नलवर होता, आता निवृत्त. चौसष्ट वर्षांचा, उंच, खांदे जरा वाकलेले. त्याच्या अंगणात हवामान खात्याची पांढरी जाळीदार पेटी आहे आणि पाऊस मोजायचं नळकांडं आहे. सकाळी सातला, दुपारी एकला आणि संध्याकाळी सातला तो पेटी उघडतो, आकडे वहीत लिहितो आणि जिल्ह्याला फोन करून सांगतो. एकतीस वर्षं. स्वतःच्या बहिणीच्या लग्नातून उठून आकडे घ्यायला गेला होता हा माणूस.

आणि तीन वर्षांपासून दर फेब्रुवारीत हाच माणूस मला विचारतो, की झाम्फिराबाई, माझ्याशी लग्न कराल का. मी अठ्ठावन्न वर्षांची, विधवा होऊन अकरा वर्षं झालेली. मी दर वेळी म्हणते, बघू. एरवी तो दुकान रिकामं असताना विचारतो. या वेळी त्याला काय झालं होतं देव जाणे, टोपी हातात घेऊन सगळ्या बायकांसमोर उभा राहिला.

"झाम्फिराबाई," तो म्हणाला, "हे चौथं वर्ष. हो म्हणा नाहीतर नाही म्हणा. 'बघू' हे काही उत्तर नाही."

लिओन्तिनाच्या हातातली पेन्सिल हवेत थांबली. माझ्या कानशिलांवर रक्त चढलं. चारचौघींत मला कुणी कोपऱ्यात गाठलेलं मला खपत नाही, मग तो देव का असेना.

"मी कशाला सांगू?" मी म्हणाले. "माझी म्हातारी सांगेल. माझ्या दिवशी चर्चच्या सकाळच्या घंटेपासून संध्याकाळच्या घंटेपर्यंत आकाशातून काही पडलं नाही, थेंब नाही, गार नाही, बर्फाचा कण नाही, तर करते लग्न. एक कण जरी पडला तर पुन्हा आयुष्यात हा विषय काढायचा नाही."

"आणि निकाल कोण देणार?" लिओन्तिनानं लगेच विचारलं.

"यांचीच वही देईल. वहीत लिहिलेलं खरं."

बायका हसायलाच लागल्या. "अगं, नवऱ्यामुलालाच पंच केलंस," ग्लिचेरिया म्हणाली. "कुंपणच शेत खाईल की."

"खाऊ दे," मी म्हणाले, आणि लिओन्तिनाच्या हातातली पेन्सिल ओढून घेऊन नऊच्या आकड्यापुढे माझं नाव लिहिलं.

नऊ तारीख मी मुद्दाम घेतली, यात लपवण्यासारखं काही नाही. नऊ मार्चला आमच्याकडे कोरडं गेलेलं मला आठवतच नव्हतं. मला वाटलं, सापही मरेल आणि काठीही मोडणार नाही. नाही म्हणण्याचं पाप म्हातारीच्या डोक्यावर, मी मोकळी.

दुसऱ्या दिवशी सकाळी इलारियोन आला, मार्चच्या रिवाजाप्रमाणे लालपांढऱ्या दोऱ्याची जुडी माझ्या मनगटासाठी घेऊन. दोरा देऊन झाला तरी हलेना.

"मी जुन्या वह्या काढून पाहिल्या," तो म्हणाला. "एकतीस वर्षांत नऊ मार्च फक्त चार वेळा कोरडा गेलाय. तुम्हाला माहीत नसेल तर सांगावं म्हटलं. हवं तर दिवस बदला."

"नाव खोडता येत नाही."

"मग मला कबूल आहे," म्हणाला, आणि राईचा पाव काखेत मारून निघून गेला. मी गल्ल्यामागे उभी राहून त्याच्या पाठीकडे बघत राहिले. नऊ तारीख मी का घेतली हे त्यालाही माहीत होतं, हे मला त्याच्या पाठीवरून कळलं. मला जरा लाज वाटली.

पण लाज वाटायला वेळ कुठे होता? म्हाताऱ्या सुटल्या होत्या. पहिल्या दिवशी लिओन्तिनाच्या नशिबी सकाळी असं धुकं आलं की बाई स्वतःच्याच पोस्टाच्या दारावर आपटली, आणि अकरा वाजता एवढं लख्ख ऊन पडलं की लोकांनी गाद्या वाळत घातल्या. कपाळावर टेंगूळ घेऊन ती दिवसभर सांगत फिरली, "बघा, आधी जरा धूसर, पण शेवट गोड." दुसऱ्या दिवशी ग्लिचेरियानं चर्चचे पडदे धुवून दोरीवर घातले आणि वाटाण्याएवढ्या गारांनी त्यांची चाळण केली. त्याच संध्याकाळी तिचं घंटा वाजवणाऱ्याशी कडाक्याचं भांडण झालं. गाव म्हणालं, ठरल्याप्रमाणे.

तिसरा दिवस शाळेतल्या बाईंचा. उत्तरेचा वारा आला आणि शाळेच्या लाकूडखोलीचा पत्रा उचलून थेट दारूच्या दुकानासमोर नेऊन ठेवला. चौथ्याला पाऊस, बर्फ, ऊन आणि इंद्रधनुष्य हे सगळं माझ्या पावांची एक भट्टी निघेपर्यंत होऊन गेलं. पाचव्याला घोट्याएवढा बर्फ. सहाव्याला दक्षिणेचा ऊबदार वारा सुटला, सगळा बर्फ वितळून गटारं नदीसारखी वाहायला लागली आणि पुरुष शर्टाच्या बाह्या वर करून चौकात उभे राहिले. आमच्याकडे माणसं हवेचं बोलतात ते दुसरा विषय नाही म्हणून नव्हे. एका आठवड्यात एवढं घडत असेल तर दुसरा विषय लागतो कशाला?

आणि या वर्षी सगळं बोलणं शेवटी माझ्यापर्यंत येऊन थांबत होतं. पाव घेताना लोक मला विचारत, "काय, नऊ तारखेचं कसं वाटतंय?" जणू मीच ते भट्टीत घातलंय. दारूच्या दुकानात पुरुषांनी पैजा लावल्या. घंटा वाजवणारा बर्फाच्या बाजूनं होता, आणि तो ग्लिचेरियाशी भांडलेला असल्यामुळे ग्लिचेरिया उन्हाच्या बाजूनं गेली.

सहाव्या दिवशीच माझी चोरी माझ्याच लक्षात आली. उष्ण वारा सुटला होता. मी पीठ मळता मळता तिसऱ्यांदा दाराशी जाऊन आकाशाकडे बघितलं. दाराशी पीठ नसतं. मी तिथे का आले होते? दक्षिणेकडे निळी पट्टी दिसली आणि माझ्या छातीत काहीतरी असं उडालं की मी दाराची चौकट धरली. माझ्या मनात आलं, टिकू दे. अजून तीनच दिवस टिकू दे.

म्हटलं ना, जीभ नडली. हात दाखवून अवलक्षण करून घेतलं. मला हा माणूस हवा होता आणि मी त्याला गावातल्या सर्वांत नाठाळ दिवसाच्या गळ्यात बांधून मोकळी झाले होते. मोडावं म्हटलं तर शब्द दिलेला, तोही चारचौघींसमोर. आणि तो इलारियोन शब्द पाळणारा. एक कण पडला तर तो खरंच पुन्हा विचारणार नव्हता, रोज येऊन राईचा पाव घेऊन जाणार होता, मरेपर्यंत.

सात तारखेला वर्षातली पहिली मेघगर्जना झाली. आमच्याकडे पहिली गडगड ऐकली की डोक्यावर तीनदा लोखंड मारायचं, वर्षभर डोकं दुखत नाही. मी भट्टीचा लोखंडी चिमटा घेऊन मारला. दोन जास्तच मारले, कारण डोक्याला त्याची गरज होती.

आठ तारखेला महिला दिन. सगळं गाव हातात फुलं घेऊन फिरत होतं आणि वरून बारीक पाऊस चालू होता. लिओन्तिना धावत आली, फोन माझ्या नाकासमोर धरून.

"ताई, बघ. उद्या सबंध सूर्य. ढगाचा ठिपका नाही."

"तुझ्या फोननं तीन तारखेला पण सूर्य दाखवला होता. पत्रा उडाला."

"अगं पण आज मोठ्ठा दाखवतोय."

मी हसण्यावारी नेलं, पण तिची पाठ वळल्यावर हात पुसले आणि रस्ता ओलांडून इलारियोनच्या फाटकाशी गेले. तो एक वाजताचे आकडे घेत होता.

"उद्याचं काय?" मी अगदी सहज विचारलं. पावाच्या ऑर्डरीबद्दल विचारावं तसं.

त्यानं वही मिटली. "सकाळ चांगली असेल. पण हवेचा दाब उतरतोय. दुपारनंतरचं मी सांगू शकत नाही."

"फोन तर सूर्य दाखवतोय."

"फोन दाखवत असेल. माझं यंत्र नाही दाखवत."

मला असा राग आला. "एकदा तरी माणसाला बरं वाटेल असं बोलावं," मी म्हणाले.

"काय बोलू?" तो म्हणाला. त्याचा चेहरा अगदी पडला होता. "मलाही तो दिवस कोरडाच हवाय, झाम्फिराबाई. पण मला हवाय म्हणून दाब चढत नाही."

मी रस्ता ओलांडून परत आले. माझा नवरा सांदू, देव त्याला शांती देवो, फार गोड बोलायचा. छत गळायला लागलं की म्हणायचा, थांबेल. बँकेचा माणूस दारात आला की म्हणायचा, ओळखीचा आहे. खोकल्यातून रक्त पडायला लागलं तेव्हाही म्हणाला, काही नाही गं, वारा लागला. आणि मी मानलं, कारण ऐकायला गोड होतं. तो गेला तेव्हा कळलं की डॉक्टरनं त्याला सहा महिने आधीच सगळं सांगितलं होतं. सहा महिने मी त्याच्याशी कसल्या कसल्या फालतू गोष्टींवरून भांडले. त्याला पुरल्यापासून मला गोड खोटं सोसत नाही. तरीही त्या दिवशी फाटकाशी मला तेच हवं होतं, याचंच मला नवल वाटलं.

नऊ तारीख उजाडली आणि आकाश स्वच्छ निळं. सणही त्याच दिवशी, चाळीस संतांचा. मी पहाटेपासून आठच्या आकड्यासारखे गोड पाव वळत होते, वर मध आणि अक्रोडाचा चुरा. सात वाजता चर्चची घंटा झाली तेव्हा माझ्या दारात नेहमीच्या दुप्पट रांग. पण पाव कुणी बघतच नव्हतं. सगळ्यांच्या माना वर.

पुरुषांचं आणखी वेगळं. या सणाला त्यांनी चाळीस पेले वाईन प्यायची, संताला एक याप्रमाणे. ते सकाळपासूनच धर्मकार्याला लागले होते. चौकात टेबलं मांडली होती. दहा वाजता आठ संत झाले होते, बारा वाजता सोळा. दर पेल्यागणिक कुणीतरी वर बघून ओरडायचा, "कोरडं", आणि बाकीचे म्हणायचे, "आम्ही मात्र नाही."

एक वाजता इलारियोन फाटकाबाहेर आला. दाढी केलेली, काळा कोट घातलेला, काखेत वही. तो प्यायला बसला नाही. नुसता फाटकाशी उभा राहिला आणि उत्तरेच्या खिंडीकडे बघायला लागला. मी तिकडे बघायचं टाळलं. दोन वाजता टाळणं जमेना. खिंडीच्या वर एक करडी कड आली होती. तीन वाजता वाऱ्यानं दिशा बदलली आणि टेबलावरचे कागद उडाले. चार वाजता सगळं आकाश भांडी धुतलेल्या पाण्यासारखं झालं.

संध्याकाळची घंटा पाचला. माझं दुकान रिकामं होतं, कारण सगळे बाहेर चौकात उभे होते, आणि मीही पीठ भरलेल्या हातांनी त्यांच्यात येऊन उभी होते. लाज गुंडाळून ठेवली होती. चौकात एवढी माणसं आणि एवढी शांतता मी फक्त मयताला पाहिली आहे.

"फादर," लिओन्तिना पाद्री वार्तोलोमेउंच्या कानाशी लागली, "आज घंटा जरा लवकर वाजवली तर काही बिघडेल का?"

फादरांचे अकरा संत झाले होते. त्यांनी खिशातून घड्याळ काढलं, डोळ्यांजवळ नेलं, लांब धरलं. "देवाच्या वेळेला मी हात लावणार नाही," ते म्हणाले. "पण माझं घड्याळ पुढे चालतं, हा काही माझा दोष नाही."

"वाजवा हो," ग्लिचेरिया म्हणाली. "लोक थंडीनं मरतील."

आणि घंटा वाजवणारा बर्फाच्या बाजूचा असल्यामुळे तो जागचा हलेना, म्हणून फादर स्वतः निघाले. झगा दोन्ही हातांनी गुडघ्यापर्यंत उचलून, सत्तरीचा माणूस, चौकातून धावत सुटला. अख्खं गाव त्याच्या मागून, "चला फादर, चला." मी पण ओरडत होते. मला आठवत नाही काय ओरडत होते. माझं काळीज एवढं जोरात चालत होतं की वीस वर्षांची असतानाही असं चाललं नसेल. फादर मनोऱ्याच्या पायऱ्यांशी पोचले. दार उघडलं. आत दिसेनासे झाले.

तेव्हाच माझ्या बाहीवर तो पडला. एकच. पांढरा, सहा टोकांचा, अगदी नीट घडवलेला. मी त्याच्याकडे बघत राहिले आणि तो विरघळला. मग दुसरा लिओन्तिनाच्या टोपीवर, मग तिसरा टेबलावरच्या पेल्यात. घंटा अजून झालेली नव्हती.

सगळ्यांनी इलारियोनकडे पाहिलं. तो फाटकाशी होता तिथेच होता. त्यानं वर पाहिलं, मनगटावरचं घड्याळ पाहिलं, वही उघडली. पेन्सिल ओठाला लावली.

लिओन्तिना पळत जाऊन त्याच्या हाताला लोंबकळली. "दादा, काय करताय? काही पडलं नाही. ते पीठ आहे, ताईच्या हातावरचं पीठ उडालं."

"पीठ वरून पडत नाही, लिओन्तिना."

"अहो एक मिनिट थांबा, घंटा होतेय. एक मिनिट डोळे मिटा."

"हात सोड," तो हळूच म्हणाला. तिनं सोडला. त्यानं लिहिलं. त्याचा हात इतका थरथरत होता की मला चौकाच्या या टोकाहून दिसत होतं. लोक चिडले. कुणीतरी टेबलावर पेला आपटला. कुणीतरी म्हणालं, "गाढव आहे, स्वतःच्या पायावर धोंडा." मी चालत त्याच्याजवळ गेले आणि वहीत वाचलं. नेहमीच्याच अक्षरात, जरा वाकडं: चार वाजून बेचाळीस मिनिटं. बर्फ, हलका. जमिनीवर वितळतो.

"मिटले असते डोळे तर काय बिघडलं असतं?" मी म्हणाले. माझा आवाज मलाच ओळखू येईना.

"पडलं ते पडलं," तो म्हणाला. "मला नको होतं, पण पडलं." मग त्यानं टोपी काढली. "मी शब्द दिलाय, झाम्फिराबाई. पुन्हा विषय काढणार नाही. तुम्हाला त्रास झाला असेल तर माफ करा."

आणि तो वळला. फाटकाची कडी त्यानं उचलली. आता बर्फ चांगलाच पडायला लागला होता, त्याच्या काळ्या कोटाच्या पाठीवर पांढरे ठिपके जमत होते. मी ती पाठ पाहिली. मनात आलं, हा माणूस मला कधीही सांगणार नाही की काही नाही गं, वारा लागला. जे असेल ते चार बेचाळीसला चार बेचाळीसच सांगेल, हात थरथरला तरी. आणि हा आता आत जाईल, कडी लागेल, आणि उद्या सकाळी राईचा पाव मागेल.

"थांबा," मी म्हणाले. "वहीत काय लिहिलंत?"

तो वळला. "बर्फ."

"कुठे आहे बर्फ?"

त्याला कळेना. तो मला निरखून बघायला लागला. "झाम्फिराबाई, तुमच्या केसांत आहे."

"ते पीठ आहे."

"भुवयांवर पण आहे."

"मी सकाळपासून पीठच मळतेय. मला काही बर्फ दिसत नाही." मी चौकाकडे वळले. पापण्यांवर बर्फ जमल्यानं मला धड दिसतही नव्हतं. "इथे कुणाला बर्फ दिसतोय का?"

लिओन्तिनानं टोपीवरचा बर्फ झटकला. "मला तर नाही दिसत," ती म्हणाली, पत्र द्यायच्या आवाजात. "ऊन आहे. डोळ्यांवर येतंय."

"कोरडं," टेबलावरून कुणीतरी ओरडलं.

"मला दोन इलारियोन दिसतायत," आमचा न्हावी म्हणाला, "पण बर्फ एकही नाही."

घंटा वाजवणाऱ्याकडे सगळे वळले. त्याची बर्फावर पैज होती. त्यानं वर तोंड केलं, तोंडात बर्फ गेला, तो त्यानं गिळला. "कसला बर्फ," तो म्हणाला, आणि ग्लिचेरियानं त्याच्या पाठीवर अशी थाप मारली की भांडण मिटल्याचं गावाला कळलं. तेवढ्यात वरून घंटा सुरू झाली, फादर जीव तोडून दोर ओढत होते, आणि चौकात जो गलका उठला त्यात घंटाही नीट ऐकू येईना.

इलारियोन हलला नव्हता. त्याच्या चेहऱ्यावरून पाणी ओघळत होतं, बर्फाचं की कशाचं ते मी विचारलं नाही.

"मी लिहिलेलं खोडणार नाही," तो म्हणाला.

"खोडू नका. खोडलंत तर मी येणार नाही. वही तुमची, तिथे मी बोट लावणार नाही. पण म्हातारी माझी आहे. तिनं काय दाखवलं ते मी सांगणार. ईस्टरनंतरच्या पहिल्या रविवारी, दुपारचे आकडे घेऊन झाले की. चालेल?"

त्यानं मान हलवली. बराच वेळ हलवतच राहिला. मग त्यानं पुन्हा वही उघडली, पान बर्फापासून वाचवायला कोटाची कड वर धरली आणि चार बेचाळीसच्या ओळीखाली लिहायला लागला. लिहून झाल्यावर वही माझ्यापुढे धरली. त्यात होतं: पाच वाजायला आठ मिनिटं. बर्फ चालू. उपस्थित सर्व नागरिकांच्या म्हणण्यानुसार बर्फ पडलेला नाही. सही.

"म्हणणं कुणाचं ते नोंदवावं लागतं," तो म्हणाला. "नियम आहे."

मी पेन्सिल घेतली. पान ओलं होत होतं. लोक भोवती गोळा झाले होते आणि आमच्या सगळ्यांच्या डोक्यांवर दोन बोटं बर्फ होता. मी धडधडीत खोट्याखाली पूर्ण नावानं सही केली, आणि माझा हात जरासुद्धा थरथरला नाही.